बळीरामनी दाखवलेलं घर

कामठीजवळ कन्हानच्या काठावर धान्याच्या एका व्यापाऱ्याची जोडघरं कितीतरी वर्षं बंद पडून होती. प्रेमानंद आणि त्याची बायको नंदिनी यांनी ती विकत घेतली. सागवानी खांब घासूनपुसून काढले, छपराची फुटकी कवेलू बदलली, नदीकडच्या खोल्या सुटीत राहायला येणाऱ्यांसाठी तयार केल्या. नागपुरातून पाहुणे येऊ लागले.

एका सकाळी हिमानी नावाच्या बाईचा फोन आला. तिचे वडील देवराव याच घरात जन्मले होते. त्यांना पुन्हा एकदा इथं राहायचं होतं.

हे कळताच प्रेमानंदचे वडील बळीराम पिशवी भरू लागले. "मी हुडकेश्वरले जातो, पोरीकडे. ते गेले का येईन."

"काहून बाबा?" नंदिनीनं विचारलं.

"माही माय इथं जळतनाच्या मोळ्या आणे. मी लहान होतो, तिच्यासंगं यायचो. मागच्या दाराशी मोळी टाकायची न निघायचं. ओसरीवर पाय ठेवू देत नव्हते आमाले. त्या घरच्या माणसाची सरबराई करू काय मी?"

"ते मी पाहीन. तुम्ही नुसते बसा. घर आता तुमचं आहे, तुम्ही काहून जाता?"

बळीराम राहिले खरे, पण पिशवी भरलेलीच ठेवली.

देवराव काठी टेकत, हरखून आले. इथं झोपाळा होता, या खिडकीतून पूर पाहायचो, असं सांगत सगळीकडे फिरले. ओसरीवर चहा घेताना हिमानीनं सहज विचारलं, "काका, तुम्हीही इथलेच काय?"

बळीरामनी कप खाली ठेवला आणि नंदिनीला सांगितलं होतं ते सगळं शांतपणे सांगितलं.

देवरावांचा चेहरा उतरला. "मले तर काहीच आठवत नाही."

"तुम्हाले आठवायचं कारण नाही. मले आठवते."

मग देवरावांनी विचारलं, "मायचं नाव काय होतं?"

"पार्वतीबाई."

देवराव काठीवर भार देत उठले. "मी पाहिलेलं घर सांगून झालं. आता तुम्ही पाहिलेलं मले दाखवा."

बळीराम त्यांना घराच्या मागं घेऊन गेले. माय मोळी उतरवायची ती जागा दाखवली. ज्या दगडाशी थांबवून तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, तो दगडही दाखवला. देवराव तिथं बराच वेळ उभे राहिले. त्यांनी माफी मागितली नाही, सबबही सांगितली नाही. रात्री सगळे एकाच पंगतीत जेवले. बळीराम आपल्या मायबद्दल बोलत होते आणि देवराव ऐकत होते. प्रेमानंदनंही त्यातलं बरंचसं पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी गाडी गेल्यावर बळीरामनी नंदिनीला विचारलं, "पुढचे पाहुणे कधी येऊन राहिले वं?"

"शनिवारी."

"घर त्याहिले मीच दाखवीन."

शनिवारी ते इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासूनच ओसरीवर बसले होते.