दुसरी रेघ

तपासणीच्या पट्टीवर एक रेघ आली तर मका शुद्ध. दोन आल्या तर त्यात जनुक बदललेल्या वाणाची भेसळ, आणि मग सगळं बियाणं जाळायचं. आज प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर माझ्याच आत्याचं बियाणं होतं. चाळीस वर्षं एकेक कणीस पारखून तिने राखलेला पांढरा मका, आणि शेजारच्या शेतात दोन वर्षांपासून कंपनीचा, जनुक बदललेला. वारा काही बांध बघून वाहत नाही.

दाणे मिक्सरमध्ये दळले, पाणी घालून हलवले, पट्टी बुडवली. पाचव्या मिनिटाला दुसरी रेघ उमटली. बाहेर बाकावर बसलेल्या आत्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? तरी सांगितलं. ती रडली नाही, तेच मला सोसेना. दुसऱ्यांच्या शेतात जायला नको, जाळून टाकू, एवढंच म्हणाली आणि उठून थेट माझ्या टेबलापाशी आली. मिक्सरकडे बघतच राहिली.

"झाकणाची रिंग काढून धुतेस ना गं?"

पदवी माझ्याकडे, अक्कल तिच्याकडे. पट्ट्या नीट चालतात का बघायला मी रोज सकाळी याच भांड्यात मुद्दाम जनुक बदललेला पिवळा मका दळते. नंतर भांडं तीनदा धुते, पण रिंग कधीच काढलेली नाही. आता नखाने उचकटली तर खाली पिवळं पीठ चिकटलेलं. आत्याचा मका तर पांढराशुभ्र.

कपाटातून कोरं भांडं काढलं. घाईत निम्मे दाणे टेबलाखाली गेले, उरलेले दळले. पट्टी बुडवली आणि दहा मिनिटं आम्ही दोघी तिच्यावर वाकून राहिलो.

एकच रेघ. मी आनंदाने वेडी झाले. आत्याला मिठी मारून गरकन फिरवलं, तिचा चष्मा पडला, तरी ती हसत होती. मग एकदम थांबली.

"काल कुणाला नापास केलंस?"

काल एक काका आले होते, या हंगामात नापास झालेले ते एकटेच. सकाळच्या त्या मक्यानंतर पहिला नंबर त्यांचाच. मी फोनवर झडप घातली. घंटी वाजतेय, वाजतेय, उचलत नाहीत. उचलला तेव्हा मी ओरडूनच विचारलं, बियाणं जाळलंत का.

"काडेपेटी सापडेना," ते वैतागून म्हणाले. "आणायलाच निघालोय."

"नका आणू, काका. बियाणं घेऊन या."

आत्या तोवर बाही सरसावून रिंग घासायला लागली होती.