डावीकडून तिसरा खटका

“वर, खाली, खाली, वर... भर.”

नव्या नवलाईच्या दिवसांत सुनेने हा आवाज पाणीपुरवठा खात्याच्या संगणक खोलीबाहेर ऐकला होता. विसरलेला चष्मा द्यायला आली होती ती. आत सासूबाई कपाटाएवढ्या यंत्रापुढे उभ्या, बोटं खटक्यांवर, ओठांवर ही संथ लय. जणू रुसून झोपलेल्या लेकराला कुणी हळूहळू जागं करतंय. इतका गोड आवाज त्यांनी घरी कधी आणलाच नाही.

आज त्याच खोलीत त्या खुर्चीवर बसल्या होत्या, तोंडात मिठाची गुळणी धरून.

यंत्राचं काम केव्हाच नव्या संगणकांकडे गेलं होतं. तरी ते चालू झालेलं बघायला पाहुणे आले की खात्याची गाडी सासूबाईंना न्यायला दारात उभी राही. दुसऱ्या कुणाच्या हाताला ते दादच देत नसे. आता तंत्रशाळा ते आपल्या प्रदर्शन दालनात ठेवणार होती. अट एकच, शाळेतल्या माणसाने ते चालू करून दाखवायचं. शाळेची तंत्रज्ञ सूनच. संध्याकाळी मुख्याध्यापक येणार. तोवर जमलं नाही तर यंत्र खात्यातच राहणार. आणि सुनेने छातीठोकपणे हो म्हटलेलं.

मदत मागितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, शिकलेली तू, मी आपली चुका बघायला येते.

सुनेने पुन्हा सुरुवात केली. वीज गेली की हे यंत्र सगळं विसरतं. पहिल्या आज्ञा समोरच्या खटक्यांनी एकेक करून भराव्या लागतात, मगच ते भोकांची कागदी पट्टी वाचू लागतं. तिने त्या भरल्या, ‘सुरू’ दाबलं. पट्टी जराशी हलली नि अडली. भरलेलं परत तपासलं, तर डावीकडून तिसऱ्या खटक्याचा दिवा अंधारा.

दिवा गेला असेल म्हणून तिने तो शेजारच्या जागी लावून पाहिला. तिथे लख्ख पेटला. मग मेमरीचं कार्ड बदललं. तिसरी जागा अंधारीच. मागून टोमणा आला, की हिच्या हातून चूलसुद्धा पहिल्या काडीत पेटत नाही. सून वळलीही नाही. म्हणाली, आई, तुमच्या तोंडचा एक निखारा द्या, लगेच पेटेल.

तिने मागची फळी उघडून खटक्यांना मीटर लावला. तिसरा वर केला की जोड लागे नि सुटे. डावीकडे रेटून धरला की टिके. ती पुढे आली, वाकली. बाकी खटक्यांचा रंग शाबूत. तिसऱ्याची उजवी कड मात्र अंगठ्याने घासघासून चकचकीत झालेली.

 सुनेने पेटीतून नवा खटका काढला, सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

खुर्ची करकरली. सासूबाई उठल्या आणि त्यांनी खटक्यांवर पंजा ठेवला.

“हात काढा, आई. तुम्हाला ठाऊक होतं.”

“होतं.” पंजा तसाच राहिला. “दुरुस्तीवाले आले की मीच त्यांना परतवून लावायची, सगळं ठीक आहे म्हणून. हा नीट झाला तर कुणीही यंत्र चालू करील. मग गाडी कुणासाठी येणार? तुझ्या घरात मला कोण उठून विचारतं गं?”