सगळ्यात जुनं नाणं

खुशालरावांनी मनकर्णाबाईंचा हात हातात घेतला, तो लग्नातच. पुढची चाळीस वर्षं त्यांचे हात नाण्यांसाठी राखीव होते.

"हात नको लावू! तुह्या हाताले मीठ रायते, तांबं खाऊन टाकते ते," हे वाक्य अमरावतीच्या त्या घरात आरतीपेक्षा जास्त वेळा म्हटलं गेलं असेल. सातवाहनांची तांब्याची नाणी पलंगाखालच्या पेटीत होती, आणि बाईंनी झाडू मारायचा तो पेटीला वळसा घालून.

गेल्या वर्षी खुशालरावांच्या हातांना कंप सुटला. घास तोंडापर्यंत नीट जाईना, तिथे नाणं काय धरणार? आणि अकोल्याच्या एका कॉलेजात त्यांचा संग्रह मांडायचं तर ठरलेलं. मग बाई आठवल्या. पांढरे हातमोजे देऊन त्यांनी शिकवलं: नाणं दिव्याखाली कोरडं करायचं, मऊ ब्रशनं मेणाचा पातळ थर द्यायचा, मग फडक्यानं पुसायचं.

"उघडं बोट लागलं आन् वरून मेण चढलं, तं ठसा आतल्या आत हिरवा उमटते. मंग तो जल्मात निघत नाही, समजलं?"

बाई मन लावून शिकल्या. खरं सांगायचं तर सुखावल्याच. नवरा पहिल्यांदाच शेजारी बसून त्यांच्या हातांकडे बघत होता.

शेवटचं, सगळ्यात जुनं नाणं उरलं होतं, तेव्हा कॉलेजातून, प्रदर्शनाचं बघणाऱ्या चंद्रभानचा फोन आला. "काका, पाटीवर नाव कोनाचं टाकू?"

"अवो, माह्यंबी टाका ना," बाई हळूच म्हणाल्या. "मेण तं सारं म्याच लावलं."

खुशालराव खो खो हसले. "आयकलं का, चंद्रभान? तुह्या काकूले पाटीवर बसाचं हाय! अरे, पोळीले तूप लावते तसं मेण लावलं तिनं. माह्यं एकट्याचं टाक."

फोनमधला चंद्रभानही हसला.

बाईंना रडू आलं नाही. संताप आला, पायाच्या नखापासून आला. खुशालराव फोनवर रंगले होते. बाईंनी हातमोजा काढला आणि मिठात मुरलेला अंगठा नाण्यावरच्या हत्तीवर दाबून धरला, चांगला घट्ट. मग वरून मेण चढवलं, पातळ आणि एकसारखं, शिकवलं होतं तसंच. फडक्यानं पुसून नाणं त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

"वा! हे तं सगळ्यात झ्याक झालं," खुशालराव म्हणाले. "हे मधोमध ठेवाले सांगतो, काचेत."

"सांगा," बाई म्हणाल्या. "लोकाइले दिसलं पायजे."