अर्धी पळी

मी एक जुनी पितळेची पळी आहे. मित्रांनो, म्हणायची रीत आहे म्हणून मित्रांनो म्हणते. हात आखडून वाढणाऱ्यांशी माझी मैत्री होणे नाही.

मला घडवणारा कारागीर पक्का खवय्या होता. माझी वाटी त्याने मुद्दाम खोल ठोकली. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा मला घेऊन आल्या, आणि वर्षानुवर्षं त्यांनी भरभरून वाढलं. खोटं कशाला बोलू? जेवणारे माझं कौतुक करायचे.

मग सूनबाईला दिवस गेले आणि सासूबाईंचं डोकं फिरलं. मला डाळीत बुडवायच्या, पातेल्याच्या काठावर टक् करून आपटायच्या, की अर्धी डाळ परत पातेल्यात! माझा काठ चेपला तो तेव्हाच.

सूनबाई शिवणाच्या कारखान्यात दिवसभर मशीन चालवून यायची. "अहो आई, अजून थोडं वाढा ना," म्हणायची.

"गप जेव! मूल पोटात पोसलं की बाहेर येताना आईचा जीव घेतं. ह्याच्या वेळी मी मरता मरता वाचले. लहान मूल सुखानं सुटतं."

'हा' म्हणजे त्यांचा मुलगा. समोरच बसलेला असायचा. "आईला अनुभव आहे," म्हणायचा आणि पातेल्यातलं उरलेलं स्वतः ओरपायचा. शुंभ मेला! मला हात असते तर त्याच्याच टाळक्यात बसले असते.

शेवटी मुलगी झाली. दोन किलोसुद्धा भरली नाही. सुखानं सुटणं तर राहिलंच, कळा द्यायला सूनबाईच्या अंगात त्राण नव्हतं. पोरीला दूध ओढता येईना. तिला उबेच्या पेटीत ठेवलं. जगेल की नाही, कुणी सांगेना.

सासूबाई दवाखान्यात डबा घेऊन गेल्या. पिशवीत मीही होते. त्यांनी डाळ घेतली आणि सवयीनं मला डब्याच्या काठावर आपटलं. टक्!

नर्सबाई गर्रकन वळल्या. "आजी, घरीही असंच वाढत होता?"

"मूल लहान राहावं म्हणून हो..."

"राहिलं की लहान! वजन कमी भरायला कारणं पुष्कळ असतात. पण आईच अर्धपोटी, तर बाळाला तुम्ही कुठून देणार होता?"

सासूबाईंनी मला पुन्हा डाळीत बुडवलं. सूनबाई कशीबशी उठून बसली आणि तिने माझा दांडा धरला.

"सोडा. माझं मी वाढून घेईन."

"अगं, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"सोडा म्हणते ना!"

त्या दिवसापासून मी सूनबाईच्या हातात आहे. पोर जगली. चिवट निघाली. पण ते दिवस कसे गेले, ते त्या माउलीला विचारा.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी पोटुशी असेल तर तिला काय आणि किती खायचं ते डॉक्टरांना विचारा. शेजारणीच्या आणि सासूच्या अनुभवाला विचारू नका. आणि वाढताना पळी भरून वाढा. माझ्यासारखीला काठावर आपटाल तर याद राखा!

आता पोर रांगते. मला फडताळातून ओढून काढते आणि फरशीवर आपटत बसते. टक्, टक्, टक्. सूनबाई हसते. सासूबाई मात्र तो आवाज आला की मुकाट्यानं उठून दुसऱ्या खोलीत जातात.

जाऊ देत.