कच्चं कसं वाढायचं

पोळा होऊन गेला तरी पाऊस परतला नव्हता. मृगात एकदा बरा पडला, तेवढ्यावर फळबाग संस्थेचं शेततळं निम्मं भरलं, आणि मग जी उघडीप लागली ती लागलीच. युसूफ वडगावच्या पलीकडचं ते गाव आता आभाळाकडे कमी आणि तळ्याकडे जास्त बघत होतं. तळ्यातलं पाणी उन्हाळा सरेपर्यंत पुरवायचं तर ते मोसंबीला द्यायचं की अ‍ॅव्होकाडोला, एवढाच प्रश्न होता. दोन्हींना दिलं असतं तर दोन्ही वाळली असती.

मोसंबी गावाच्या ओळखीची होती. अ‍ॅव्होकाडो सत्यभामाने आणला होता. ती केजच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि बोलायची थोडं. नवरा शहादेव याच्या रानात तिने बंगळूरहून आणलेली कलमं लावली. ती लागली, हिरवी झाली, तेव्हा वस्तीतल्या सटवाने तिच्या एका शब्दावर आपलं तुरीचं रान मोडलं आणि तीच कलमं लावली. त्याच्या पाठोपाठ आणखी दोन घरांनी लावली. यंदा फक्त सत्यभामाच्या झाडांना पहिली फळं धरली होती, तीही मोजकीच, आणि या फळाची चव तिच्याशिवाय गावात कोणालाच माहीत नव्हती.

संस्थेचे चेअरमन मोहनराव सभेत म्हणाले ते काही खोटं नव्हतं. "ज्या फळाची चव गावाला ठावं न्हाई, त्याला गावाचं पाणी कसं द्यायचं? खाऊ घाला. मग हात वर करू."

"पर कुठं खायचं?" बन्सीने विचारलं. बन्सीची मोसंबी मोठी होती आणि जीभ त्याहून मोठी.

"आमच्या घरी या," सत्यभामा म्हणाली. "रविवारी, न्याहारीला."

त्या आमंत्रणात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मोहनराव तिच्या घरी पूर्वी दोनदा आले होते, एकदा मतं मागायला आणि एकदा शहादेवचे वडील वारले तेव्हा. दोन्ही वेळा त्यांचा चहा 'आत्ताच झाला' होता.

"येतो की," मोहनराव म्हणाले. "कावून न्हाई यायचं?"

घरी ही बातमी कळली तेव्हा सत्यभामाची सासू भिमाबाई जात्याजवळ बसली होती, ती उठूनच उभी राहिली. "मोहनराव? आपल्या घरी? जेवायला?"

"न्याहारीला, आत्या."

"एकच हाय ते. त्वांडात घास तर घालतील ना?"

त्या आठवड्यात भिमाबाईने ओटा सारवला, बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर पुसून पुन्हा टांगली, आणि स्टीलच्या ताटल्या राखेने घासून अशा लखलखीत केल्या की त्यांत तोंड दिसावं. फळं तिनेच पिकवली. अ‍ॅव्होकाडो झाडावर कधी पिकत नाही, तोडल्यावर पिकतो, हे सत्यभामाने सांगितल्याबरोबर तिने आंब्यासारखी गवताची आढी घातली आणि रोज सकाळी एकेक फळ अंगठ्याने चाचपून पाहिलं. रविवारपर्यंत एक सोडून सगळी लोण्यासारखी मऊ झाली.

सकाळी सत्यभामाने फळं कापली. आतला गर पिस्त्याच्या रंगाचा होता, कडेला गर्द हिरवा, बीजाकडे पिवळसर. तिने तो परातीत काढला, काट्याने ठेचला, पण अगदी गंधासारखा नाही, मधे मधे फोडी राहू दिल्या. त्यात लिंबू पिळलं, मीठ आणि जाडसर कुटलेली मिरी घातली. बाजूला भाजलेलं जवस, बारीक चिरलेली कांद्याची पात, डाळिंबाचे दाणे आणि उकडलेली अंडी ठेवली. वडगावच्या बेकरीतला गव्हाचा ब्रेड तव्यावर भाजायचा, वर गर पसरायचा, त्यावर हे सगळं. तेल नाही, तूप नाही. फळातच चांगली चरबी असते, तीच पुरते.

भिमाबाई परातीत वाकून बघत होती. "आन् हे कवा शिजवायचं?"

सत्यभामाच्या हातात अंड्याची टरफलं होती आणि डोक्यात पाहुण्यांपुढे काय बोलायचं याची जुळवाजुळव चालली होती. "तुम्ही बसा, आत्या," ती म्हणाली. "मी बघते सगळं."

उत्तर एका वाक्याचं होतं. हा गर आचेवर धरला की कडू होतो. तिने ते वाचलं होतं, बंगळूरला स्वतः करूनही पाहिलं होतं. पण एवढं समजावत बसायला ही वेळ नाही, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर सासूला अशा गोष्टी समजावायची सवयच तिला नव्हती. कॉलेजात ती एकच गोष्ट चार प्रकारे सांगायची. घरात 'मी बघते' म्हणायची.

तेवढ्यात ओट्यावर चपलांचा आवाज आला आणि शहादेवने हाक मारली, "अगं, ये ना भाईर! चेअरमन इचारायलेत, ह्यात असतंय तरी काय?"

ती बाहेर गेली. मोहनराव सतरंजीवर ताठ बसले होते, बन्सी खांबाला टेकला होता, सटवा दाराजवळ उकिडवा बसला होता. बाकीचे सभासद दाटीवाटीने बसले होते. सत्यभामाने सांगायला सुरुवात केली. चरबी कोणती चांगली आणि कोणती वाईट, रक्तदाब, तंतू. ती बरी सांगत होती. मोहनराव मान हलवत होते.

"म्हंजी मॅडम," बन्सी म्हणाला, "आमचं ब्लडप्रेशर कमी करायला आदी आमचं पानी कमी करायचं म्हना की!"

लोक हसले, सत्यभामाही हसली. त्या हसण्यातच तिला लसणाच्या फोडणीचा वास आला. शेजारी कोणाची तरी भाजी चालली असेल, असं तिला वाटलं. ती आणखी दोन वाक्यं बोलली. मग तिच्या लक्षात आलं की वास पाठीमागून, आपल्याच घरातून येतोय.

ती आत गेली तेव्हा भिमाबाई कढई उतरवत होती. गराचा पिस्ता रंग गेला होता, शेवाळासारखा मातकट झाला होता. "वांग्यावानी भरीत केलं बघ," भिमाबाईचा चेहरा आचेने आणि आनंदाने लाल झाला होता. "जिरं, लसूण, हिरवी मिरची. कसं तेल सुटलंय! येवढी मोठी मानसं पयल्यांदा आली आपल्या घरी, त्यांला कच्चं कसं वाढायचं? म्हनली असती, ह्यांच्या घरी रांधायची बी रीत न्हाई."

सत्यभामाने बोटाने चाटून पाहिलं. मिरची लागली, लसूण लागला आणि मग जिभेच्या मुळाशी कडवटपणा उतरला, तो तिथेच बसून राहिला.

पाटावर ताटलीखाली अर्धं फळ झाकलेलं होतं. तिने ते वरून सजवायला ठेवलं होतं. दोन टोस्ट झाले असते. पण भिमाबाईने डोक्यावरून पदर घेतला होता, भाजलेल्या ब्रेडवर भरीत पसरून पहिली ताटली भरली होती, आणि ती निघालीही होती. मोहनरावांपुढे ताटली तिलाच ठेवायची होती.

मोहनरावांनी टोस्ट उचलला. भिमाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. त्यांनी घास घेतला तेव्हा तिने श्वास सोडला, तो सत्यभामाला ऐकू आला. मग मोहनरावांचं चावणं सावकाश झालं. ते थांबले नाहीत. त्यांनी सगळा टोस्ट संपवला, कडेचा तुकडासुद्धा, आणि वर पाणी प्यायले. टाकून दिला असता तर त्याचा वेगळा अर्थ झाला असता, हे त्यांनाही कळत होतं.

बन्सीला तेवढी पोच नव्हती. "आरं, ह्यापरीस कडुलिंबाचा पाला बरा! त्यो फुकट तरी मिळतो."

"गप बे, बन्सी," मोहनराव म्हणाले. मग त्यांनी सत्यभामाकडे पाहिलं, आणि त्यांच्या आवाजात खोट नव्हती. "मॅडम, खरं सांगा. ह्या फळाची चव अशीच आसती का?"

त्यांनी सरळ विचारलं होतं. 'नाही, ही आचेमुळे कडू झाली, थांबा, दुसरा करून आणते,' एवढंच म्हणायचं होतं. अर्धं फळ आत होतं, तवा अजून गरम होता. सटवा तिच्याच तोंडाकडे बघत होता. पण दारात सासू उभी होती. या घरात शिजलेला घास पहिल्यांदाच मोहनरावांच्या पोटात गेला होता, आणि तो रांधणाऱ्या हातानेच बिघडवला, हे तिला चारचौघांत म्हणावं लागलं असतं.

"पहिल्या बहाराचं फळ आहे," सत्यभामा म्हणाली. "जरा चढ-उतार असतोच."

मोहनरावांनी मान हलवली. चहा झाला, तो मात्र सगळ्यांनी चवीने घेतला. मग तिथेच ओट्यावर हात वर झाले आणि पाणी मोसंबीकडे गेलं.

पाहुणे गेल्यावर भिमाबाईने कढईतला उरलेला घास तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. "फळच कडू निघालं की, माय. तू तरी काय करशील? लई झटलीस तू." तिने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. सत्यभामा भांडी घासत राहिली. झाकलेलं अर्धं फळ दुपारपर्यंत काळं पडलं. ते तिने उकिरड्यावर टाकलं.

आढीत राहिलेलं एक फळ पुढच्या आठवड्यात पिकलं. भिमाबाईनेच ते आणून सुनेच्या हातावर ठेवलं. "एक डाव तुज्या रीतीनं करून दाव. बगू तर खरं, कडू तर कडू."

सत्यभामाला नको म्हणता आलं असतं. तिने केलं. लिंबू, मीठ, मिरी, जवस, पात. त्या दिवशीच्यासारखंच, सगळं जिथल्या तिथे. दोघी चुलीपाशी बसून खाऊ लागल्या. भिमाबाईने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, सगळा टोस्ट संपवला. बोटं चाटली आणि मग तिचा हात तसाच थांबला.

"हे कडू न्हाई."

"नाही."

"म्या शिजवलं म्हनून झालतं?"

सत्यभामाने मानेनेच हो म्हटलं.

"आन् तुला ठावं व्हतं. मोहनरावनं इचारलं तवा बी ठावं व्हतं."

"तुम्हाला चारचौघांत कसं बोलणार होते, आत्या..."

"मला?" भिमाबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "जल्मभर चारचौघांचं ऐकत आले म्या. त्यात आनिक एक ऐकलं आसतं. म्या काय मिठाची व्हते, इरघळून जायला? माजी लाज राखलीस, सत्यभामा. सटवाच्या झाडांचं काय?"

ती उठली, पायात चपला घातल्या आणि सुनेला म्हणाली, "चल."

मोहनराव वाड्याबाहेर बाजेवर बसले होते. भिमाबाईने उभ्यानेच सगळं सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. फोडणी, कढई, आणि कोणाला न विचारता केलं तेसुद्धा. मोहनराव ऐकता ऐकता हसले. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, माया होती, आणि तेच वाईट झालं.

"भिमाबाई, सुनंवर तुमचा जीव हाय, हे कळतंय मला. तिच्यापायी आळ आंगावर घ्यायला निघालात."

"आळ न्हाई. खरं हाय ते."

"बरं. मग आसं करा, तसलं एक करून आना. आत्ता खातो. ग्वाड लागलं तर उद्याच सभा लावतो, माजा शबुद."

भिमाबाईच्या बोटांना लिंबाचा वास अजून होता. शेवटचं फळ दोघींनी मिळून खाल्लं होतं, आणि घरातून निघताना ते एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"पुढच्या बहाराला," सत्यभामा कशीबशी म्हणाली.

"मग पुढच्या बहाराला बगू," मोहनराव म्हणाले.

पुढचा बहार यायला झाडं उन्हाळा काढायला हवी होती, आणि उन्हाळा काढायला पाणी हवं होतं. हे तिने सांगितलं नाही. मोहनरावांना ते तिच्याइतकंच कळत होतं.

परतीच्या वाटेवर सटवाचं रान लागतं. तो झाडांच्या बुडाशी उसाचं पाचट अंथरत होता, जमिनीत आहे ती ओल तरी टिकावी म्हणून. दोघींना बघून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "वयनी, कुनीकडं गेलत्या? काय म्हनत्यात चेअरमन?"

भिमाबाई दोन पावलं मागे सरली आणि सुनेकडे पाहत उभी राहिली.

सत्यभामा बांधावरून खाली उतरली. तिने परातीपासून सुरुवात केली. सासूने काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं. मग ओट्यावर मोहनरावांनी काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, आणि तेव्हा आत ताटलीखाली काय होतं. काही गाळलं नाही.

सटवा शेवटपर्यंत ऐकत राहिला. "म्हंजी फळ चांगलं व्हतं," तो म्हणाला.

"चांगलं होतं."

"कडू नव्हतंच?"

"नव्हतं, सटवाभाऊ."

त्याने मान डोलावली, जवळच्या झाडाचं एक पान हातात घेऊन त्याची कड चाचपली. पान कडेने तांबूस होऊ लागलं होतं. मग तो खाली वाकला आणि उरलेलं पाचट अंथरू लागला.