चौथ्या बाजूचं कापड

पहिल्याच दुकानात पायरी चढता चढता टाकेकाकूंनी वरच्या फळीवरच्या एका ताग्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "तो बघ. तोच."

"मला आत तरी येऊ दे बाई," मागून त्यांची मैत्रीण म्हणाली.

काकू गोधड्या शिवत. गल्लीतल्या मुलांनी त्यांना टाकेकाकू म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव मोठ्यांच्याही तोंडी बसलं. मैत्रीण नुसतं 'टाके' म्हणायची. ते चालून जायचं, कारण तिचंही नाव शाळेपासून 'पट्टी' होतं. कंपासपेटीतली पट्टी सरळ आहे की नाही, हे तिनं दुसऱ्या पट्टीनं तपासलं होतं, तेव्हापासून. पुढे पट्टीबाईंचा सगळा जन्म गेला तो कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. रंग किती टिकतो, धागा किती ताण सोसतो, हेच काम. निवृत्तीनंतरही त्यांचं तिथं जाणंयेणं होतं.

दोघी एवढ्या लांब आल्या होत्या त्या निळ्या कापडासाठी. भाचीच्या नव्या घराकरता काकूंनी मोठी गोधडी शिवायला घेतली होती. तीन बाजूंची किनार लागली आणि चौथीला कापड संपलं. ज्या दुकानातून ते घेतलं होतं, ते दुकानच बंद झालं होतं. या शहरात कापडवाल्यांची आणि गोधडीवाल्यांची अख्खी गल्ली आहे असं कळलं, तशी पट्टीबाईंनी तिकिटंच काढली. "गोधडीचं धूड कशाला वाहायचं? नमुना पुरे," असं म्हणून उरलेल्या चिंधीतला चौकोनी तुकडा त्यांनी चष्म्याच्या डबीत घालून आणला होता.

दुकानदारानं तागा खाली काढला. पट्टीबाईंनी तो उचलून थेट दारात नेला. दुकानातल्या दिव्याखाली सख्खे भाऊ वाटणारे रंग उन्हात नेले की ओळखही दाखवत नाहीत, असं त्या नेहमी म्हणत. त्यांनी डबी उघडली, तुकडा ताग्यावर ठेवला आणि मान हलवली.

"नाही गं टाके. हा बराच गडद आहे. आपला जरा जांभळट आहे, बघ."

काकूंनी पाहिलं. खरंच, तुकडा फिका होता. लहान मूलसुद्धा सांगू शकलं असतं.

"असं कसं?" त्या पुटपुटल्या.

"होतं असं. चल, अजून सगळी गल्ली पडलीय."

काकू चालू लागल्या, पण पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होत्या. रंगाच्या बाबतीत त्यांची नजर आजवर चुकली नव्हती. तो निळा त्यांनी हाताळला होता, कापला होता, गोधडीच्या तीन बाजूंना आपल्या हातानं लावला होता. आईचंही असंच सुरू झालं होतं. आईसुद्धा गोधड्या शिवायची. एकदा हिरव्याच्या ओळीत तिनं राखाडी तुकडे लावले आणि "हिरवेच आहेत की" म्हणून भांडली. सगळे हसले. नंतर ती घराचा रस्ता विसरली, मग मुलांची नावं. आई तेव्हा ज्या वयाची होती, त्याच वयाला आता काकू आल्या होत्या. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. पट्टीलाही नाही.

पुढच्या दुकानात तयार गोधड्या टांगल्या होत्या. एरवी काकूंनी एकेक उलटी करून मागचे टाके बघितले असते, दुकानदारीणबाईंना दोरा कुठला म्हणून विचारलं असतं. आज त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

"तब्येत बरी आहे ना?" पट्टीबाईंनी विचारलं. "त्या पिवळीला तू अजून नावं ठेवली नाहीस."

"छान आहे की."

"छान? त्या कोपऱ्यात चुणी पडलीय, मलासुद्धा दिसतेय!"

काकूंनी बघितलं. चुणी होती, चांगली बोटभर. आपल्याला ती दिसली नव्हती.

तिसरं दुकान अरुंद आणि खोल होतं. मालक म्हातारा आणि मोठा बोलका. "निळा? अहो, समुद्रात नसतील एवढे निळे आहेत माझ्याकडे," म्हणत त्यानं तागे काढायला सुरुवात केली. पट्टीबाई एकेक दारात नेत होत्या, परत आणत होत्या. शेवटी एका ताग्यावर त्यांनी तुकडा ठेवला आणि तो कुठे आहे तेच दिसेना.

"सापडला! टाके, इकडे ये! कड सोडली तर ओळखू येत नाही!"

काकू आल्या. तुकडा ताग्यात विरघळल्यासारखा दिसत होता. आणि तरी त्यांच्या मनात आलं, हा नव्हे. हा मेलेला निळा आहे, आपला जिवंत होता. पण हे म्हणायचं कसं? आईही अशीच म्हणायची, हिरवेच आहेत की.

"तुला काय वाटतं?" पट्टीबाईंनी विचारलं.

"तू म्हणतेस तर हाच असेल."

"मी म्हणतेय म्हणून? हे कधीपासून?"

"घे बाई तूच ठरव. यापुढे रंगांचं तूच बघत जा," काकू म्हणाल्या. भाचीची गोधडी पुरी करायची आणि मग सुई ठेवून द्यायची, असं त्यांनी उभ्या उभ्याच ठरवून टाकलं होतं.

म्हाताऱ्यानं कापड मोजून कात्री हातात घेतली. तेवढ्या वेळात करायला काही नव्हतं, म्हणून काकूंनी नमुन्याचा तुकडा उचलला आणि बोटांत फिरवू लागल्या. एका कडेला बोट अडखळलं. त्यांनी पुन्हा फिरवलं.

"थांबा हो जरा," त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या. "पट्टे, हे कुणी शिवलं होतं?"

"काय शिवलं होतं?"

"हा तुकडा. कडेला सुईची भोकं आहेत, ओळीनं. टाके उसवलेत. मी कोऱ्या चिंधीतून कापून दिला होता तुला. आणि एवढे लांब, वेडेवाकडे टाके मी जन्मात घातले नाहीत."

पट्टीबाईंनी तुकडा घेतला, डोळ्यांजवळ धरला. मग चष्म्याची डबी उघडून आत बघितलं.

"ते टाके माझे आहेत," शेवटी त्या म्हणाल्या.

"तुझे?"

"मी तुझ्या चिंधीचे दोन तुकडे केले होते. एक जपून ठेवायचा, एक तपासायचा. रंग पक्का आहे का ते बघावं म्हटलं, भाचीच्या घरी गोधडी धुतली जाणार. पांढरं कापड जोडून शिवलं, साबण-सोड्यात उकळलं. हॉस्पिटलच्या चादरींना लावतो ती चाचणी, प्रयोगशाळेत त्या दिवशी तेवढीच मांडलेली होती." त्या बाकावर बसल्याच. "आणि डबीत घातला तो उकळलेला. कोरा घरी पाकिटात आहे. सगळं आयुष्य मी प्रयोगशाळेतल्या पोरींना ओरडत आले, तुकड्यांवर खुणा करा म्हणून!"

"गोधडी कोण उकळतं गं?"

"कोणी नाही! घरच्या धुण्यात त्याला काहीही होणार नाही."

"मग पहिल्या दुकानातला..."

"तसं लगेच म्हणू नकोस," पट्टीबाई उठल्या. "आधी बघू."

म्हाताऱ्याची क्षमा मागून दोघी उलट्या पावली निघाल्या. पहिल्या दुकानदारानं ताग्याच्या टोकाची एक चिंधी कापून दिली. वाटेत पट्टीबाईंनी धुण्याचा सोडा घेतला आणि दोघी उतरल्या होत्या त्या लॉजच्या मालकीणबाईंकडे पातेलं मागितलं.

"दूध तापवायचंय का?" मालकीणबाई म्हणाल्या.

"नाही, कापड उकळायचंय."

मालकीणबाईंनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि त्यातल्या त्यात जुनं पातेलं दिलं.

स्वयंपाकघरात पट्टीबाई घड्याळ लावून चमच्यानं ढवळत उभ्या राहिल्या. काकू स्टुलावर बसल्या. पाणी हळूहळू निळसर झालं. ते बघता बघता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मला वाटलं, माझं आईसारखं सुरू झालं."

चमचा थांबला.

"कधीपासून वाटतंय?"

"पहिल्या दुकानापासून."

"आणि मला बोलली नाहीस? त्या पिवळीजवळ विचारलं होतं मी!"

"बोलले असते तर खरं झालं असतं ना."

पट्टीबाईंनी चमचा काकूंपुढे धरला. म्हणाल्या, "माझी चूक आणि धाक तुला. ढवळ तू आता, माझा हात दुखला."

चिंधी बाहेर काढून धुतली, टॉवेलमध्ये दाबली आणि मालकीणबाईंच्या इस्त्रीनं वाळवली. मग पट्टीबाईंनी दोन्ही तुकडे खिडकीशी नेले, कुठला कोणता ते कळू नये म्हणून पाठीमागे हातांत उलटसुलट केले आणि चौकटीवर शेजारी शेजारी ठेवले.

बघायला मालकीणबाईही आल्या. "एकाच कापडाचे आहेत की," त्या म्हणाल्या. "त्यात बघायचं काय एवढं?"

काकू हसायला लागल्या. हसता हसता त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला, आणि मग डोळ्यांना पदर. पट्टीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मालकीणबाईंना म्हणाल्या, "काही नाही हो. हिची नजर माझ्या प्रयोगशाळेपेक्षा बरी निघाली, म्हणून रडतेय."

"गप गं. भूक लागलीय मला," काकू म्हणाल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात धड काही गेलं नव्हतं, हे आत्ता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किनारीपुरता निळा कापून घेतला, वर थोडा जास्तच. दुकानदार घडी घालत असताना काकू फळ्यांवरून नजर फिरवत होत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.

"तो विटकरी काढा बघू," त्या म्हणाल्या. "नाही, तो नाही, त्याच्या खालचा. आणि तिकडचा मोरपंखी."

"हे कशाला?" पट्टीबाईंनी विचारलं. "गोधडी तर पुरी होतेय."

"माहीत नाही अजून. शेजारी ठेवून बघू दे," काकू म्हणाल्या, आणि दोन्ही तागे स्वतःच उचलून दारात घेऊन गेल्या.