उत्तर कुठे यायचं, ते मी सांगते

मी बोलतेय, एका प्रोग्राममधली सातवी ओळ. मेल कोणाच्या नावाने जायचा ते सहावी ओळ सांगते. त्याचं उत्तर कोणाकडे यायचं ते मी. सहावीला सगळे ओळखतात. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

मला विनयने लिहिलं. तो गुरुग्रामला नोकरी करतो. त्याची अलकनंदामावशी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मुलाकडे राहते. उपचारांसाठी महाराष्ट्रातून दिल्लीला आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना ती आणि ओळखीची मराठी घरं डबे पोचवतात. रोज सकाळी आमचा मेल सगळ्यांना जायचा, ‘उद्या कोण डबा देईल?’ उत्तरं मावशीकडे यायची. हवे तेवढ्यांना ती कळवायची, बाकीचे समजून घ्यायचे.

एकदा विनयने प्रोग्राममध्ये काही दुरुस्ती केली. तपासण्यापुरता माझ्यात स्वतःचाच एक जुना पत्ता घातला आणि बदलायला विसरला. चूक त्याची, पण लाज मला वाटत होती. नऊ दिवस सगळी उत्तरं मी भलत्याच दारात पाठवत राहिले, आणि ते दार कोणी उघडत नव्हतं.

मावशीने एकालाही फोन केला नाही. फोनवर माणसं भिडेखातर हो म्हणतात, असं तिचं मत. सहा डबे ती एकटीच करत राहिली. खालच्या मजल्यावरच्या नीलाताई उत्तर द्यायला कधी चुकायच्या नाहीत. त्यांच्याशी तर ती जिन्यातही बोलेनाशी झाली.

दहाव्या दिवशी तिचा फोन आला.

"विनय, रविवारपासून डबे बंद. मला आता उभं राहवत नाही, आणि कोणाला त्याचं काही पडलेलंही नाही."

"अच्छा, एक मिनिट मावशी, बघू दे."

त्याने प्रोग्राम उघडला, मला वाचलं, आणि त्या जुन्या पत्त्यावर आलेले मेल मोजले.

"मावशी, माझीच चूक आहे. सगळी उत्तरं माझ्याकडे पडलीत. पंचावन्न आहेत."

"नीलाचं आहे?"

"नऊ आहेत. रोज एक."

तिने फोन ठेवला.

आता माझ्यात पुन्हा मावशीचा पत्ता आहे. मेल पाठवणाऱ्यांनो, पाठवण्याआधी मलाही एकदा वाचत जा, एवढंच माझं मागणं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांची उत्तरं मावशीकडे आली, फक्त नीलाताईंचं नाही. विनयने घाबरून फोन केला.

"तिला कशाला मेल करायला लावतोस?" मावशी म्हणाली. "इथेच आहे ती, माझ्या ओट्यापाशी. पोळ्या लाटतेय."